घंटेकडे वळणारी नजर

मागे चेरीच्या बहराने भरलेला रंगवलेला डोंगर, वर छताजवळ टांगलेली एक मोठी घंटा आणि तिच्याखाली नाचणारी एक तरुण मुलगी. ती जवळजवळ तासभर नाचते. आधी सोनेरी उंच टोपी घालून संथ, गंभीर पावलं टाकते. मग टोपी जाते आणि ती न दिसणारा चेंडू टप्पे देत खेळवू लागते. पुढे लाल फुलांच्या टोप्या हातात उघडते, मिटते. नंतर सुती पंचाशी चाळा करत कुणाची तरी वाट पाहते. शामिसेन या तंतुवाद्याचा ठेका वाढत जातो, अंगावरचा किमोनो बघता बघता रंग बदलतो, प्रेक्षागृह खुशीत येतं. आणि मध्येच, एखाद्या गिरकीच्या शेवटी, तिची मान वर वळते. ती घंटेकडे पाहते. हे पाहणं निमिषभराचंच असतं, पण तेवढ्यात समोरची मुलगी कुठल्या कुठे जाते आणि तिच्या जागी कुणी भलतंच उभं असतं. लगेच पुन्हा हसू, पुन्हा नाच.

या नाचाचं नाव ‘क्योगानोको मुसुमे दोजोजी’. 1753 साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, नाकामुरा-झा नाट्यगृहात पहिले नाकामुरा तोमिजुरो यांनी तो प्रथम केला. काबुकी या जपानी नाट्यप्रकारात स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला ‘ओन्नागाता’ म्हणतात. अशा नटाची सगळी तयारी पणाला लावणारा नाच म्हणून पावणेतीनशे वर्षं याचंच नाव घेतलं जातं. यात कथानक म्हणावं असं फार थोडं घडतं. एका देवळात नव्या घंटेची प्रतिष्ठापना आहे, एक नर्तकी दर्शनाला येते, भिक्षू तिला आत सोडतात, ती नाचते आणि शेवटी घंटेवर चढून उभी राहते. ती तशी का उभी राहते हे नाचात कुणी सांगत नाही. जपानी प्रेक्षकाला ते आधीच माहीत असतं, कारण ही गोष्ट त्याच्याकडे जवळजवळ हजार वर्षं चालत आली आहे.

ती गोष्ट भिक्षूंनी एकमेकांना सावध करण्यासाठी रचली होती, बायकांच्या आसक्तीपासून दूर राहा म्हणून. रंगभूमीच्या हाती आल्यावर तिच्यातून एकेक गोष्ट गळत गेली. आधी भिक्षू गेला, मग पाठलाग गेला, उपदेश गेला. शेवटी फक्त बाई आणि घंटा उरली. जसजशी गोष्ट कमी होत गेली तसतसा नाच वाढला, आणि त्या बाईचा राग मात्र कुठल्याही टप्प्यावर कमी झाला नाही. जपानी नृत्यनाट्याची खरी ताकद मला या गाळण्यात दिसते.

*

दोजोजी हे खरंखुरं देऊळ आहे. ओसाकाच्या दक्षिणेला, वाकायामा प्रांतात, हिदाका नदीच्या खोऱ्यात. गोबो स्टेशनच्या शेजारचं छोटं स्टेशन देवळाच्याच नावाचं आहे. स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की 62 दगडी पायऱ्या लागतात आणि वर दोन द्वारपालांचा दरवाजा. देवळाची स्थापना 701 सालची मानतात, या प्रांतातलं हे सर्वांत जुनं देऊळ. त्याच्या स्थापनेची दंतकथाही एका मुलीचीच आहे. समुद्रकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत जन्मलेली, लांबसडक केसांमुळे राजधानीपर्यंत पोचलेली आणि पुढे सम्राटाची राणी झालेली मुलगी. तिच्या इच्छेखातर हे देऊळ उभं राहिलं म्हणतात. ही चांगली, भाग्याची कथा देवळाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. दुसरी मात्र साऱ्या जपानला तोंडपाठ.

दुसरी अशी. साल 928. उत्तरेकडच्या शिराकावाहून कुमानोच्या यात्रेला निघालेला आंचिन नावाचा देखणा तरुण भिक्षू वाटेत एका घरी मुक्कामाला थांबला. घरातली कियोहिमे त्याच्यावर भाळली. परतताना नक्की येतो, असा शब्द देऊन त्याने सुटका करून घेतली आणि परतताना दुसरीच वाट धरली. तिला कळलं तशी ती धावत सुटली. रस्त्यावरच्या लोकांना विचारत, केस सुटलेले, चपला कुठेतरी पडलेल्या. हिदाका नदीवर नावाड्याने तिला पलीकडे न्यायला नकार दिला तेव्हा तिने पाण्यात उडी घेतली आणि पलीकडच्या काठावर चढली ती नागीण होऊन. आंचिन दोजोजीत शिरला होता. भिक्षूंनी मोठी घंटा खाली उतरवून त्याला तिच्याखाली लपवलं. नागिणीने घंटेला वेटोळे घातले, ती लालभडक तापेपर्यंत, आणि मग निघून गेली. घंटा उचलली तेव्हा आत राख होती.

देवळात ही गोष्ट आजही चित्रांची लांबलचक गुंडाळी उलगडत सांगितली जाते. मूळ गुंडाळ्या मुरोमाची काळातल्या, जपून ठेवलेल्या. सांगण्यासाठी नक्कल वापरतात. भाविक जमिनीवर बसतात, भिक्षू एका हाताने गुंडाळी सोडत आणि दुसऱ्या हाताने गुंडाळत, काठीने चित्र दाखवत बोलत राहतो. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक पान पुढे धरून रामायण सांगतात, तोच जिवंतपणा इथेही आहे. चित्रं विलक्षण आहेत. पहिल्या काही चित्रांत बाई चालते आहे, मग धावते आहे, मग तोंडातून वाफ निघते आहे, मग मान लांबते आहे. एकाच बाईला चित्रकाराने टप्प्याटप्प्याने माणूसपणातून बाहेर नेलं आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर वाटेतल्या लोकांचे बघणारे चेहरे काढले आहेत.

जुने पाठ मात्र सगळे एकसारखे नाहीत, आणि फरक मोठे बोलके आहेत. अकराव्या शतकात सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या चमत्कारांचा एक संग्रह झाला. बाराव्या शतकात ‘कोन्जाकु मोनोगातारिशू’ हा कथांचा महासंग्रह झाला. या दोन्हींत बाईला नावच नाही. ती घरची विधवा मालकीण आहे. फसवणूक कळल्यावर ती धावत नाही. ती खोलीत जाऊन दार लावून घेते, तिथेच तिचा जीव जातो आणि दारातून नागीण बाहेर पडते. पुढे एका वृद्ध भिक्षूच्या स्वप्नात ती दोघं सर्परूपात येतात आणि आमच्यासाठी सद्धर्मपुंडरीक सूत्र लिहून काढ म्हणतात. तो लिहितो. मग ती त्रायस्त्रिंश स्वर्गात जाते आणि तरुण भिक्षू तुषित स्वर्गात. म्हणजे संस्कृतात रचलेलं एक सूत्र चीनमार्गे जपानच्या या कोपऱ्यात पोचतं आणि तिथल्या एका बाईची सुटका करतं. गुंडाळीच्या चित्रांत हीच बाई घरची सून झाली आहे. कियोहिमे हे नाव तर फार पुढे, बाहुल्यांच्या नाटकांच्या काळात रुळलं. कधी विधवा, कधी सून, कधी कोवळी मुलगी. ज्याला ज्या बाईची धास्ती वाटली, तिला त्याने नागीण केलं, असं हे पाठ वाचताना वाटत राहतं.

घंटेची पुढची हकीकतही अशीच नाट्यमय आहे. चारशेहून अधिक वर्षं देऊळ घंटेविना होतं. 1359 साली नवी घंटा ओतली. तिच्या प्रतिष्ठापनेला बायकांना मज्जाव होता. तरी एक ‘शिराब्योशी’, म्हणजे पुरुषी टोपी घालून नाचणारी नर्तकी, आत आली आणि तिच्या नाचात घंटा पुन्हा खाली कोसळली, असं देवळाची परंपरा सांगते. 1585 मध्ये सेनानी हिदेयोशीच्या सैन्याने हा मुलूख घेतला तेव्हा ती घंटा क्योतोला गेली. आज ती क्योतोच्या म्योमानजी देवळात आहे. उंची मीटरभर. रंगमंचावरच्या अवाढव्य घंटा पाहून तिथे जाणारा माणूस चकित होतो. ‘दोजोजी’ करणारे नट प्रयोगाआधी तिथे जाऊन हात जोडतात. दोजोजीच्या घंटाघराच्या जागी मात्र आजही घंटा नाही.

*

मुखवट्यांच्या नोह रंगभूमीने गोष्ट उचलली ती इथून, दुसऱ्या घंटेपासून. पाठलाग, नदी, राख हे सगळं घडून गेलेलं आहे. रंगमंचावर फक्त प्रतिष्ठापनेचा दिवस आहे. ‘दोजोजी’ हे नाटक परंपरेने कान्झे नोबुमित्सु यांचं मानतात. ‘कानेमाकी’ नावाचं जुनं, अधिक पाल्हाळिक नाटक छाटून ते तयार झालं. ही छाटणी किती बेमुर्वत आहे हे दोन्ही पाठ शेजारी ठेवले की दिसतं. नर्तकीला आत का यायचंय, ती कोण, याबद्दलचे सगळे संवाद गेले. पळून गेलेला भिक्षू तर पात्र म्हणून उरलाच नाही. त्याच्याबद्दल आपण मुख्य पुरोहिताकडून ऐकतो, तेही घंटा पडल्यानंतर.

आणि पुरोहित जे सांगतो त्यात एक तपशील आहे जो माझ्या मनातून जात नाही. इथे भिक्षूने शब्द दिलेलाच नाही. दरवर्षी मुक्कामाला येणाऱ्या या पाहुण्याकडे बोट दाखवून बापाने लहानग्या लेकीला थट्टेने म्हटलं होतं की हाच तुझा नवरा. पोरीने ते खरं धरलं. वर्षं गेली, पोर वाढली आणि एके रात्री तिने पाहुण्याला विचारलं की मला कधी घेऊन जाणार. थट्टा करणारा विसरून गेला होता, पाहुण्याला पत्ताच नव्हता, आणि ती एकटी त्या वाक्यावर मोठी झाली होती. उपदेशाच्या कथेला नाटककाराने दिलेला हा एक धक्का. त्यानंतर आपल्याला तिच्याविरुद्ध उभं राहणं जड जातं.

नोहचा रंगमंच उघडा, सायप्रसच्या लाकडाचा, पडदा नाही की देखावा नाही. त्याच्या छताला एक कडी आणि मागच्या बाजूच्या बासरीवाल्याच्या खांबाला दुसरी कडी, या दोन्ही केवळ ‘दोजोजी’साठी ठेवलेल्या असतात. एरवी वर्षभर त्यांचा उपयोग नाही. घंटा बांबूच्या सांगाड्यावर जाड रेशमी कापड चढवून केलेली असते, आणि ती सरळ आणि वेगाने पडावी म्हणून काठात शिसं भरतात. वजन संप्रदायानुसार बदलतं, पण ऐंशी किलोच्या आसपास धरायला हरकत नाही. दोर सांभाळायला चार-पाच जाणती माणसं बसतात, बहुधा मुरलेले नटच. घंटा कधी सोडायची याचा निर्णय त्यांच्यातला प्रमुख घेतो, आणि मुख्य नटाचा जीव त्याच्या त्या निर्णयावर असतो.

घंटा पडायच्या आधी रान्ब्योशी येतं. सगळ्या नोहमध्ये असं दुसरं काही नाही. गाणारे गप्प होतात, मोठ्या ढोलकीचा वादक थांबतो. उरतात दोघे, नर्तकी झालेला ‘शिते’ म्हणजे मुख्य नट आणि खांद्यावर धरायच्या कोत्सुझुमी ढोलकीचा वादक. वादक आपली नेहमीची बैठक सोडून अंग वळवतो आणि नटाला सामोरा होतो. तो पोटातून एक लांब हाक काढतो आणि एकच थाप मारतो. त्या थापेला नटाच्या पायाचा पुढचा भाग उचलला जातो. मग शांतता. ती इतकी लांबते की कुणी खोकलं तरी अपराध वाटावा. पुन्हा हाक, थाप, आणि टाच थोडी वळते. पुन्हा शांतता. कधीतरी बासरीचा एक सूर येऊन जातो. एखाद्या पायाचा आघात, आणि पुन्हा काही नाही. असं पाव तासाच्या पुढे चालतं. नट रंगमंचावर त्रिकोण रेखत पुढे सरकतो. हे त्रिकोण म्हणजे नागिणीचे खवले, आणि ही पावलं म्हणजे देवळाच्या पायऱ्या चढणं, असं जाणकार सांगतात.

हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला प्रश्न पडतो की यात नाच कुठे आहे. उत्तर वादकाच्या मानेवरच्या शिरा पाहिल्या की मिळतं. दोघांमध्ये ठरलेली लय आहे पण मोजता येईल असा ताल नाही. पुढची थाप कधी पडेल हे श्वासावरून ओळखायचं. थांबलेलं शरीर हलणाऱ्या शरीरापेक्षा जास्त थकतं, हे नटाच्या किमोनोच्या किंचित थरथरण्यावरून मागच्या रांगेतही कळतं. वर्षानुवर्षांचा दाबून ठेवलेला राग दाखवायला याहून चांगली युक्ती मला कुठल्याही रंगभूमीवर सापडलेली नाही. आवाज नाही, अश्रू नाहीत, फक्त पायाचा अंगठा.

आणि मग बांध फुटतो. सगळी वाद्यं एकदम सुरू होतात आणि नोहमधला सर्वांत वेगवान नाच चालू होतो. नट पंख्याच्या फटकाऱ्याने डोक्यावरची टोपी उडवतो, घंटेखाली येतो, वर उडी घेतो आणि त्याच क्षणी घंटा सुटते. नीट जमलं तर ती वर उडणाऱ्या नटाला हवेतच गिळते. चुकलं तर डोकं फुटू शकतं किंवा पाय काठाखाली सापडू शकतो. नोहचा प्रयोग बहुधा एकदाच होतो, त्याआधीची एकत्र तालीमही एखादीच. म्हणून तरुण नटाला ‘दोजोजी’ करायला मिळणं ही त्याच्या आयुष्यातली मोठी पायरी समजतात. गुरू परवानगी देतो तेव्हाच ती चढता येते, आणि ती चढल्यावर माणूस पुरता नट झाला असं धरतात. कोत्सुझुमीच्या वादकासाठीही तेच.

घंटेच्या आत काय चालतं ते कुणी पाहू शकत नाही. बाहेर देवळाचे दोन नोकर वीज पडली की भूकंप झाला म्हणत लोळण घेतात, घंटेला हात लावून चटका बसतो म्हणून ओरडतात आणि पुरोहिताला कुणी सांगायचं यावर भांडतात. प्रेक्षक हसतात. पुरोहित येऊन ती जुनी हकीकत सांगतो. तेवढ्या वेळात आत, अंधारात, एकटा नट वेश बदलतो. एरवी नोहच्या नटाला मुखवटा बांधायला, वस्त्रं नेसवायला माणसं असतात. इथे कुणी नाही. आतल्या बाजूला मुखवटा, आरसा, लागणाऱ्या वस्तू टांगून ठेवलेल्या असतात. तो तरुण स्त्रीचा मुखवटा काढतो आणि ‘हान्या’चा चढवतो. हान्या म्हणजे शिंगं, सुळे, सोनेरी डोळे असलेला मत्सराने जळणाऱ्या स्त्रीचा मुखवटा. त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर क्रोध दिसतो आणि नुसत्या डोळ्यांकडे पाहिलं तर रडू. नट मान खाली घालतो तेव्हा डोळे पुढे येतात, वर करतो तेव्हा तोंड. एका लाकडी चेहऱ्याने केवढं काम होतं!

घंटा वर जाते, खाली खवल्यांच्या त्रिकोणांचं वस्त्र नेसून ती बसलेली असते. भिक्षू माळा घासत पाच दिशांच्या रक्षकांना हाक मारतात. ही नावं जपानी उच्चारात ऐकताना ओळखू येत नाहीत, पण ती आपल्याच भाषांतली आहेत. पूर्वेला त्रैलोक्यविजय, दक्षिणेला कुंडली, पश्चिमेला यमांतक, उत्तरेला वज्रयक्ष आणि मध्यभागी अचल. वज्रयानातले हे पाच विद्याराज सगळे मिळून एका मुलीवर चालून जातात. ती मागे हटते, पुन्हा येते, घंटेवर आग ओकते, आणि ती आग तिच्याच अंगावर उलटते. ती हिदाका नदीत उडी घेते. भिक्षू समाधानाने आपापल्या खोल्यांकडे परततात. तिला या नाटकात स्वर्ग मिळत नाही.

*

1719 साली र्‍युक्यूच्या राज्यात, आजच्या ओकिनावात, चिनी सम्राटाच्या दूतांपुढे तामागुसुकु चोकुन यांनी नवा नृत्यनाट्यप्रकार सादर केला, कुमिओदोरी. त्यात ‘शुशिन कानेइरी’ हे याच कथेचं रूप आहे. तिथे तरुण घंटेतून निसटून वाचतो. ओसाकाच्या बाहुल्यांच्या रंगभूमीने 1759 मध्ये नेमका तो नदीचा प्रसंग उचलला. तिथल्या कियोहिमेच्या बाहुलीच्या डोक्यात एक दोरी असते. ती ओढली की सुंदर चेहऱ्याचा जबडा कानापर्यंत फाटतो आणि शिंगं वर येतात. पाण्याच्या निळ्या कापडातून ती पोहते आणि दर लाटेगणिक चेहरा पालटते. हे पाहून पोरंच काय, मोठी माणसंही दचकतात.

काबुकीने मात्र दचकवायचं बाजूला ठेवलं.

काबुकीची सुरुवात ओकुनी नावाच्या बाईने केली, सतराव्या शतकाच्या आरंभी, क्योतोत. 1629 मध्ये शोगुनच्या राजवटीने स्त्रियांना रंगमंचावर बंदी घातली. त्यांच्या जागी पोरं आली, 1652 मध्ये त्यांनाही बंदी झाली. मग प्रौढ पुरुषांनी स्त्रीभूमिकांची कला घडवली. या कलेचा पहिला मोठा आचार्य योशिझावा आयामे. ओन्नागाताने घरीदारीही बाईसारखंच वागलं पाहिजे असं तो सांगे. पहिला तोमिजुरो याच आयामेचा तिसरा मुलगा. क्योतो-ओसाकाकडे नाव कमावून तो एदोत आला आणि 1753 च्या वसंतात त्याने हा नाच केला. दोजोजीवरचे नाच त्याआधीही होत होते, सेगावा किकुनोजो यांचे विशेष गाजले होते. तोमिजुरोच्या नाचाने मात्र ते सगळे मागे टाकले.

त्याने नोहच्या तपश्चर्येतून थोडंसंच घेतलं. सुरुवातीच्या सोनेरी टोपीच्या नाचात रान्ब्योशीची आठवण आहे, तीही ओझरती. बाकी सगळा वेळ हानाको नावाची ही नर्तकी मुलगी होण्याच्या निरनिराळ्या अवस्था नाचून दाखवते. त्या यादीसारख्या मांडलेल्या नाहीत, एकीतून दुसरीत कधी सरकल्या ते कळत नाही. चेंडूचा भाग घ्या. नट गुडघ्यांत वाकून, जवळजवळ उकिडवा, रंगमंचभर फिरतो आणि हाताने न दिसणारा चेंडू टप्पे देत ठेवतो. टप्पा उंच गेला की नजर उंच जाते, आखूड झाला की बोटं आखूड होतात. चेंडू दिसतोच. गुडघ्यांची काय गत होत असेल ते नटालाच माहीत. पण त्याच वेळी गायक जे गातात ते ऐकावं. ती गावोगावच्या वेश्यावस्त्यांची नावं आहेत, एदोची योशिवारा, क्योतोची शिमाबारा, नागासाकीची मारुयामा. पोरीच्या खेळाखाली विकल्या गेलेल्या पोरींचा नकाशा अंथरला आहे. एदोच्या प्रेक्षकाला हे सांगावं लागत नव्हतं.

संगीत नागाउता शैलीचं, शामिसेनचं. मागे लाल गालिच्याच्या पायरीवर गायक आणि वादक ओळीने बसतात. सुरुवातीच्या भागात गाण्यात घंटेबद्दलची तक्रार येते, आणि तिथे पूर्वरात्रीच्या, उत्तररात्रीच्या, पहाटेच्या आणि सूर्यास्ताच्या घंटेला एका चार चरणांच्या बौद्ध श्लोकाचा एकेक चरण वाटून दिलेला आहे. घडलेलं सगळं अनित्य आहे, उपजणं आणि नष्ट होणं हा त्याचा धर्म आहे, असा तो श्लोक. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या प्रसंगाशी जोडलेला, पाली आणि संस्कृत दोन्हींत सापडणारा. कुशीनगरहून निघालेले ते चार चरण एदोच्या नाट्यगृहात एका नाचणाऱ्या मुलीच्या ओठी आले. त्या मुलीला घंटेचा राग आहे, कारण प्रेमिकांची रात्र संपली हे घंटाच सांगते आणि तिचा माणूस घंटेनेच लपवला होता. वैराग्याचा श्लोक तिच्या तोंडी गाऱ्हाणं होतो.

किमोनो बदलण्याच्या तंत्राला ‘हिकिनुकी’ म्हणतात. नटाच्या अंगावर एकावर एक दोन किमोनो असतात. वरचा खांदे, बाह्या आणि कमरेपाशी जाड दोऱ्याच्या ढोबळ टाक्यांनी जोडलेला असतो आणि दोऱ्यांच्या टोकांना लहान गोळ्या असतात, बोटांना पटकन सापडाव्यात म्हणून. नट नाचत असतो आणि मागे बसलेला त्याचा सहायक, कोकेन, ठरलेल्या जागी ठरलेली गोळी ओढून एकेक दोरा काढून घेतो. प्रेक्षकाला वाटतं की तो वस्त्राची घडी नीट करतोय. सगळे दोरे निघाले की नट एका विशिष्ट मात्रेवर अंग सैल सोडतो, कोकेन झटका देतो आणि भडक लाल मुलगी फिकट निळी होऊन उभी राहते. टाळ्यांचा कडकडाट होतो. कोकेन बहुधा नटाचा शिष्य असतो. एक दोरा अडकला तर प्रयोग फसला, आणि त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत शोधावं लागतं. पुढे गुलाबी, जांभळा, असे रंग येत राहतात. बदल नुसता डोळे दिपवायला नाही. कात टाकणाऱ्या प्राण्याची ही गोष्ट आहे, आणि शेवटच्या थराखाली खवल्यांचे त्रिकोण असतात.

पंचाचा भाग सगळ्यांत संथ आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड. इथे ना वेग आहे ना रंगबदल. एक मुलगी न येणाऱ्या माणसाला मनात बोल लावते. पंचाचं टोक दातांत धरते, उलगडते, आरशासारखा समोर धरते. ओन्नागाता खांद्याची पाती मागे ओढून खांदे उतरते करतो, गुडघे एकमेकांना चिकटवून ठेवतो, पावलं आत वळवतो, आणि हे सगळं सांभाळून निवांत दिसायचं असतं. सहावे नाकामुरा उताएमोन यांच्या डाव्या पायात लहानपणापासून दोष होता, तरी विसाव्या शतकात हा नाच त्यांच्या नावाशी जोडला गेला. त्यांच्याच काळात सातवे ओनोए बाइको तो आपल्या प्रसन्न पद्धतीने करत. उताएमोनची हानाको सुरुवातीपासून जखमी वाटते, बाइकोंची खरोखर आनंदी वाटते आणि म्हणून तिची घंटेकडची नजर जास्त लागते. मी दोघांनाही चित्रफितींवरच पाहिलं आहे, आणि मला बाइकोंची बाजू घ्यावीशी वाटते. दुःख आधीच कळलं तर नाचाला सांगायला काय उरतं?

*

हल्ली जपानबाहेरच्या लोकांनाही हा नाच थोडाफार माहीत झाला, तो सिनेमामुळे. योशिदा शुइची यांच्या कादंबरीवरचा, ली सांग-इल दिग्दर्शित ‘कोकुहो’ 2025 मध्ये आला. याकुझा टोळीवाल्याचा पोर ओन्नागाता होतो त्याची ही कथा, आणि तिच्या मध्यभागी दोन नटांनी मिळून केलेला दोजोजी आहे. जपानी चित्रपटांत, अॅनिमेशन सोडून, सर्वाधिक कमाईचा 2003 पासूनचा विक्रम त्याने त्याच वर्षी मोडला. त्याच 2025 च्या मे महिन्यात टोकियोतल्या गिंझाच्या काबुकी-झा नाट्यगृहात ओनोए किकुनोसुके यांनी आठवे किकुगोरो हे नाव धारण केलं. नामग्रहणाच्या कार्यक्रमात हाच नाच होता. एकाच वेळी तीन हानाको रंगमंचावर होत्या, ते स्वतः, त्यांचा शाळकरी मुलगा आणि पंचाहत्तरीला टेकलेले बांदो तामासाबुरो. वरच्या मजल्यावरच्या दर्दी मंडळींनी घराण्यांची नावं घेऊन आरोळ्या ठोकायच्या, ही तिथली दाद. ‘ओतोवा-या!’ आणि ‘यामातो-या!’

या सगळ्यात एक गोष्ट मला टोचत राहते. गोष्टीतल्या देवळात बायकांना मज्जाव, आणि तिचा नाच जिथे सर्वांत थाटात होतो त्या काबुकीच्या रंगमंचावरही बायका नाहीत. अपवाद घडतात. किकुगोरो यांच्या थोरल्या बहीण, अभिनेत्री तेराजिमा शिनोबू, 2023 मध्ये काबुकी-झाच्या एका नाटकात उभ्या राहिल्या तेव्हा त्याची बातमी झाली. नोहमध्ये 1948 पासून स्त्रियांना व्यावसायिक संघटनेत प्रवेश आहे आणि त्यांनी ‘दोजोजी’ केलंही आहे, घंटेत उडी घेऊन. वादकही स्त्रिया आहेत. संख्या अजून कमी आहे.

हानाकोचा नाच जिवंत ठेवणाऱ्या बायका खरं तर दुसरीकडे आहेत. काबुकीतून वेगळ्या निघालेल्या ‘निहोन बुयो’च्या शाळांत. फुजिमा, हानायागी, वाकायागी, निशिकावा, बांदो अशा घराण्यांत शिकणाऱ्यांत बायकाच पुष्कळ. मुली लहानपणी चेंडूचा एवढासा भाग शिकतात, आणि पुढे वर्षानुवर्षांनी, गुरूने होकार दिला तर, पूर्ण ‘मुसुमे दोजोजी’ एकदा सादर करतात. विग, वेश, घंटा, गायक-वादकांचा ताफा, कोकेन, सगळं पदरमोड करून उभं करावं लागतं. कित्येक जणी त्यासाठी वर्षानुवर्षं पैसे साठवतात. त्यांचे प्रयोग परदेशी पाहुण्यांच्या यादीत नसतात, समीक्षाही फार होत नाही. पण पंचाचा भाग एखादी साठीतली बाई करते तेव्हा न येणाऱ्या माणसाची वाट पाहणं निराळंच दिसतं.

अशा प्रयोगांना लागणारी जागा मात्र कमी होत चालली आहे. प्रेक्षकांतून जाणारी हानामिची वाट असलेली सभागृहं मुळात थोडी. टोकियोचं राष्ट्रीय नाट्यगृह 2023 च्या ऑक्टोबरअखेर पुनर्बांधणीसाठी बंद झालं आणि बांधकामाच्या निविदा फसत गेल्याने काम रखडलं. काबुकीचे आणि बाहुल्यांचे प्रयोग दुसऱ्या नाट्यगृहांत हलवता आले, त्यांच्यामागे मोठ्या संस्था आहेत. नृत्यशाळांना ते तितकं सोपं नाही. त्यांना त्या इमारतीतली मोठं आणि छोटं अशी दोन्ही सभागृहं परवडत होती, आणि नव्या इमारतीची तारीख ठरेपर्यंत आपला दोजोजी कुठे करायचा हा प्रश्न तिथल्या अनेक नर्तकींपुढे आहे.